रेग्युलेटर उघडा, कटऑफ आवळा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

ट्रेन सिम्युलेटरमध्ये वाफेचं इंजिन नीट कसं चालवायचं, हे विचारणारी पत्रं सोलापूर, कुर्डुवाडी, अक्कलकोट या पट्ट्यातून इतकी आली की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकलं आहे. बहुतेकांकडे ओपन रेल्स हा मोफत मिळणारा सिम्युलेटर आणि त्यात डब्ल्यूपी किंवा डब्ल्यूजी इंजिन आहे. म्हणून आकडे त्यांचेच घेतले. दोन्ही इंजिनांच्या बॉयलरचा दाब २१० पीएसआय (चौरस इंचाला पौंड). पिस्टनला जोडलेली मोठी चाकं डब्ल्यूपीला १७०२ मिलिमीटरची, कारण ते प्रवासी गाड्यांचं इंजिन. मालगाडीच्या डब्ल्यूजीला १५६२ मिलिमीटरची. दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये बटणं वेगळी असतील, वाफ मात्र तशीच वागेल.

प्रश्न : डब्ल्यूपीला दहा डबे लावून सोलापूरहून कुर्डुवाडीकडे निघतो. सुटताना दाबाचा काटा २०५ वर असतो. पाकणी येईपर्यंत १४० वर उतरतो आणि वेग पन्नाशीच्या पुढे सरकत नाही. रेग्युलेटर पूर्ण उघडा असतो, रिव्हर्सरही पूर्ण पुढे. आणखी काय करायचं?
(जुळे सोलापूर)

उत्तर : आणखी काही करायचं नाही, रिव्हर्सर मागे घ्यायचा आहे. आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांचं दुखणं हेच आहे.

रेग्युलेटर म्हणजे बॉयलरची वाफ सिलिंडरकडे सोडणारी झडप. रिव्हर्सर म्हणजे मात्र गाडी पुढे न्यायची की मागे, एवढंच ठरवणारा दांडा नव्हे. पिस्टनच्या प्रत्येक फेरीत सिलिंडरमध्ये वाफ किती वेळ सोडायची, ते तो ठरवतो. यालाच कटऑफ म्हणतात. कटऑफ ७५ टक्के असेल तर पिस्टनचा पाऊण प्रवास होईपर्यंत बॉयलरची ताजी वाफ आत येत राहते. तिला फुगायला जागाच उरत नाही, त्यामुळे अंगात जोर असतानाच ती धुरांड्यातून निघून जाते. कटऑफ २५ ठेवला तर पाव प्रवासाला दार बंद होतं आणि उरलेला रस्ता तीच वाफ फुगत फुगत पिस्टन ढकलते. काम काहीसं कमी, पण खर्च त्याहून कितीतरी कमी.

आता हिशोब बघा. डब्ल्यूपीच्या चाकाचा परीघ ५.३५ मीटर. ताशी ७० किलोमीटरला चाक मिनिटाला २१८ वेळा फिरतं. दोन सिलिंडर आणि दोन्ही बाजूंनी वाफ, म्हणजे एका फेरीला चार भरणे. मिनिटाला ८७० च्या वर. प्रत्येक भरणं पाऊण सिलिंडरचं असेल तर कुठलाच बॉयलर पुरा पडणार नाही. तुमचा काटा त्यामुळेच उतरतो. शिवाय बाहेर पडणारी वाफ इतकी दाटते की ती पिस्टनलाच उलटं दाबते. पन्नाशीला गाडी अडते ती म्हणून.

सुटण्याची पद्धत अशी ठेवा. दाब २०० च्या आसपास, बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी पाऊण. सिलिंडर कॉक उघडे (ओपन रेल्समध्ये सी बटण). थांबलेल्या इंजिनाच्या थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी झालेलं असतं. त्याला वाट दिली नाही तर पिस्टन त्यावर आदळतो, कारण पाणी दबत नाही. रिव्हर्सर पूर्ण पुढे. ब्रेक सुटल्याची खात्री व्हॅक्यूमच्या काट्यावर करून घ्या. मग रेग्युलेटर १० ते १५ टक्के उघडा आणि हात बाजूला ठेवा. स्टीम चेस्टचा, म्हणजे सिलिंडरच्या तोंडाशी वाफ जमते त्या पेटीचा, काटा चढायला तीन-चार सेकंद लागतात. याच वेळात नवखा माणूस घाई करून रेग्युलेटर ४० वर नेतो आणि चाकं घसरवून बसतो. गाडी हलली की चाकाच्या पाच फेऱ्या, म्हणजे साधारण सव्वा डब्याचं अंतर, होऊ द्या आणि कॉक बंद करा.

त्यापुढे वेग वाढेल तसा कटऑफ आवळत जायचा: ताशी दहा किलोमीटरला ५५-६० टक्के, विसाला ४५, पस्तिसाला ३५, पन्नासला २५ ते २८, सत्तरला २० च्या आसपास. याच काळात रेग्युलेटर हळूहळू ७० टक्के, मग त्याहून जास्त उघडायचा, म्हणजे स्टीम चेस्टचा दाब बॉयलरच्या दाबाला जवळजवळ भिडेल. अर्धवट उघड्या रेग्युलेटरमधून आणि लांब कटऑफने चालवणं म्हणजे नळाची तोटी आवळायची आणि बादलीला भोक पाडून ठेवायचं. मात्र १५ टक्क्यांच्या खाली उतरू नका. इंजिन हिसके देत चालतं. तिथे वेग जास्तच होत असेल तर रेग्युलेटर कमी करा.

काटे बघण्यापेक्षा कानावर भरवसा ठेवला तर लवकर हात बसतो. ताशी आठ किलोमीटरला डब्ल्यूपी मिनिटाला शंभर ‘भक’ देतं. ते मोजता येतात. कटऑफ लांब असेल तर प्रत्येक भक फटाक्यासारखा सुटा आणि कोरडा येतो. आवळला की मऊ होतो. पन्नाशीच्या वेगातही फटाके वाजत असतील तर तुमचा कोळसा धुरांड्यातून चालला आहे.

प्रश्न : पावसाचं वातावरण लावलं की मोठी चाकं जागच्या जागी फिरायलेत, गाडी हलतच नाही की! वाळू सोडली तरी तेच. काय करू?
(अक्कलकोट रोड)

उत्तर : वाळू उशिरा सोडताय. चाक गरगरायला लागल्यावर वाळू टाकली तर काही क्षण फरक पडत नाही, मग एकदम पकड बसते आणि सगळा झटका जोडदांड्यांवर येतो. वाळू (एक्स) रेग्युलेटर उघडण्याच्या आधी, आणि गाडीने दहाचा वेग घेईपर्यंत.

घसरलं की रेग्युलेटर पूर्ण बंद. थोडा कमी करून भागत नाही, कारण रेग्युलेटरची झडप आणि सिलिंडर यांच्यामध्ये सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या) नळ्या असतात आणि त्यांत भरलेली वाफ तुम्ही झडप मिटल्यावरही काम करत राहते. चाकाचा आणि गाडीचा वेग एक झाला की पुन्हा उघडा, आधीपेक्षा पाच टक्के कमी.

डब्ल्यूपीची सुटतानाची जास्तीत जास्त ओढ १३.९ टनांच्या घरात येते. ती कोरड्या रुळासाठी. ओल्या रुळावर चाकं तेवढी झेलत नाहीत, मग बॉयलरमध्ये कितीही दाब असो. ४-६-२ मांडणीत (पुढे चार लहान, मध्ये सहा मोठी, मागे दोन लहान चाकं) इंजिनाचं बरंचसं वजन पुढच्या-मागच्या लहान चाकांवर जातं, तेव्हा डब्ल्यूपी घसरणारच. मालगाडी ओढायची असेल तर आठ जोडचाकांचं डब्ल्यूजी घ्या. आणि जड मालगाडी सुटतच नसेल तर आधी हलकेच मागे रेटून डब्यांमधले सांधे सैल करा. पुढे घेताना एकेक वाघीण आळीपाळीने उचलली जाते.

सेटिंगमध्ये सोपं भौतिक गणित निवडलं की घसरणं थांबतं. आमचं मत विचाराल तर ते निवडू नका. मग वाफेचं इंजिन कशाला, डिझेलच चालवा.

प्रश्न : फायरमनचं काम स्वतः करावं की गेमवर सोडावं? स्वतः केलं की कधी सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो, कधी विस्तव मरतो.
(साखर पेठ)

उत्तर : पहिले आठ-दहा फेरे गेमच्या फायरमनवर सोडा आणि फक्त कटऑफ शिका. मग कंट्रोल-एफ दाबून फावडं हातात घ्या. तोवर नको, कारण चूक ड्रायव्हरची की फायरमनची हे कळणार नाही.

जुन्या सोलापुरात गिरणीच्या बॉयलरवर काम केलेली माणसं घराघरांत होती. त्या बॉयलरवर दिवसभर एकसारखा भार. भोंग्यापासून भोंग्यापर्यंत कोळसा एका लयीत. रेल्वे इंजिनाचा भार दर दोन मिनिटांनी बदलतो आणि विस्तवाला ते उशिरा कळतं. आत्ता टाकलेला कोळसा आधी भट्टी थंड करतो, मग पेटतो, मग पाणी तापवतो. दाब पडलेला बघून कोळसा टाकला तर दाब आधी आणखी पडतो. तुम्ही घाबरून अजून टाकता, आणि तो सगळा पेटतो नेमका स्टेशनात गाडी उभी असताना. सेफ्टी व्हॉल्व्ह तेव्हा उडतो. कोळसा काट्याकडे बघून टाकायचा नसतो, पुढच्या रस्त्याकडे बघून टाकायचा असतो. चढ लागण्याच्या पाच-सहा मिनिटं आधी विस्तव वाढवा, थांब्याच्या सात-आठ मिनिटं आधी टाकणं बंद करा.

प्रमाण असं बसतं. सलग हजार अश्वशक्ती काढायची तर तासाला सात-आठ टन पाणी आणि टनभर कोळसा लागतो. मिनिटाला सोळा-सतरा किलो. फावड्यात सहा किलो धरले तर दर तीन मिनिटांनी आठ फावडी. (ओपन रेल्समध्ये कंट्रोल-आर म्हणजे एक फावडं.) एकदम पंचवीस फावडी टाकून दहा मिनिटं निवांत बसण्याचा मोह होतो, त्याने जाळीवर थर बसतो, हवा अडते, राखेचा खंगर होतो. ब्रिटिश रेल्वेच्या चाचण्यांत एका फायरमनच्या हातून सलग पडणारा कोळसा ताशी ३००० पौंड, म्हणजे साडेतेराशे किलोच्या आत धरत. तुमचा खप त्याच्या वर जात असेल तर दोष फायरमनचा नाही, रिव्हर्सर बघा.

धूर खरं सांगतो. काळाकुट्ट असेल तर कोळसा जास्त किंवा हवा कमी: भट्टीचं दार जरा किलकिलं करा, डँपर (भट्टीखालची हवेची झडप) उघडा. काहीच दिसत नसेल तर विस्तव पातळ झाला आहे. फिकट करडी झाक हवी.

एक सवय पक्की करा. रेग्युलेटर मिटण्याच्या आधी ब्लोअर, म्हणजे धुरांड्यात वाफेची धार सोडणारी झडप (एन), उघडायचा. चालत्या इंजिनात धुरांड्यातून सुटणारी वाफच भट्टीतली हवा ओढते. ती बंद झाली की ओढ संपते आणि ज्वाळा दारातून केबिनमध्ये येऊ शकतात. गेममध्ये तोंड भाजत नाही, पण विस्तव मात्र बसतो.

प्रश्न : चढ चढेपर्यंत काचेत पाणी व्यवस्थित अर्ध्यावर असतं. माथा ओलांडून उतार लागला की प्लग वितळल्याचा संदेश येतो आणि इंजिन बंद पडतं. पाणी गेलं कुठे?
(कुर्डुवाडी)

उत्तर : कुठेच गेलं नाही, पुढे सरकलं. काच केबिनच्या बाजूला, म्हणजे बॉयलरच्या मागच्या टोकाला असते. इंजिनाचं तोंड चढाकडे असताना पाणी मागे येतं आणि काच खऱ्यापेक्षा जास्त दाखवते. बॉयलर आणि फायरबॉक्स (भट्टी) मिळून आठ मीटर लांबी धरा. शंभराला एक चढावर दोन टोकांच्या पातळीत आठ सेंटिमीटरचा फरक पडतो. सपाटीपेक्षा मागच्या टोकाला चार सेंटिमीटर जास्त. शंभराला एक उतारावर चार कमी. म्हणजे माथ्यावर काचेतली पातळी एकदम आठ सेंटिमीटर खाली. वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या काचेत हा तिसरा हिस्सा झाला. अर्ध्यावरून तिसरा हिस्सा गेला की उरतं काय? वरून त्याच वेळी तुम्ही रेग्युलेटर मिटता. उकळीने फुगलेलं पाणी बसतं आणि पातळी आणखी उतरते.

फायरबॉक्सच्या छतावर पाणी नसेल तर ते पत्र्यासारखं तापतं. तिथला शिशाचा प्लग वितळून वाफ विस्तवावर सोडतो, ती शेवटची सुरक्षा. गेममधला संदेश त्याचाच.

म्हणून माथ्यावर पोहोचताना काच पाऊण तरी हवी. आता अडचण अशी, की चढावर वाफही हवी आणि इंजेक्टरचं (बॉयलरमध्ये पाणी भरणाऱ्या यंत्राचं) गार पाणी दाब पाडतं. बरेच जण दाब वाचवायला इंजेक्टर बंद करतात आणि माथ्यावर रिकाम्या काचेने पोहोचतात. त्यापेक्षा गाडीने तीसचा वेग घेतला की एक इंजेक्टर (आय) बारीक धारेवर सुरू करा आणि सुरूच ठेवा. के ने धार वाढते, शिफ्ट-के ने कमी. सतत बारीक धार बॉयलरला सोसते. मधूनच दिलेला पूर्ण लोट काटा वीस पीएसआयने खाली आणतो. दुसरा इंजेक्टर (ओ) हाताशी राखून ठेवा.

स्टेशनात उभे असताना काटा २०५ च्या पुढे सरकायला लागला की लगेच इंजेक्टर लावा. सेफ्टी व्हॉल्व्हमधून आभाळात जाणारी उष्णता गरम पाण्याच्या रूपात साठते आणि पुढच्या चढाला कामी येते. मात्र काच पूर्ण भरू नका. पाणी वाफेबरोबर सिलिंडरमध्ये ओढलं जातं, भक-भक ऐवजी घुसमटलेला आवाज येतो. तसं झालं तर रेग्युलेटर कमी, कॉक उघडे, इंजेक्टर बंद.

प्रश्न : प्लॅटफॉर्मवर गाडी एकतर दोन डबे पुढे जाते किंवा अलीकडेच उभी राहते. व्हॅक्यूम ब्रेकचा अंदाज कसा घ्यायचा?
(होटगी रोड)

उत्तर : गाडीभर गेलेल्या नळीतली हवा ओढून घेतली की व्हॅक्यूम ब्रेक सुटतो, हवा आत सोडली की लागतो. म्हणून तो लागायला वेळ घेतो आणि सुटायला त्याहून जास्त. साठच्या वेगातून सावकाश, प्रवाशांना धक्का न बसता थांबायला साडेचारशे ते साडेपाचशे मीटर लागतात. ब्रेक शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचण्याचा वेळ धरून सातशे मीटरवर सुरुवात करा.

रेग्युलेटर त्याच्याही दीड-दोन किलोमीटर आधी मिटलेला हवा (ब्लोअर आधी, आठवण असू द्या) आणि रिव्हर्सर ४०-४५ वर सोडलेला. कटऑफ २० वरच ठेवून घरंगळलात तर पिस्टन अडकून पडलेल्या वाफेला दाबत राहतात. मग काटा २१ इंचांवरून १५-१६ वर आणा आणि थांबा. लगेच परिणाम दिसत नाही म्हणून आणखी ब्रेक लावू नका. तुम्ही अलीकडे थांबता ते त्यामुळेच. वेग तिसावर आला की ब्रेक हळूहळू सोडायला लागा. शेवटचे वीस मीटर अगदी हलक्या ब्रेकवर. लावा-सोडा, लावा-सोडा करू नका. मोठा इजेक्टर (नळीतली हवा ओढणारं यंत्र) व्हॅक्यूम परत आणायला बॉयलरचीच वाफ खातो.

प्रश्न : सोलापूर ते मुंबई पूर्ण प्रवास डब्ल्यूपीने करायचा आहे. इतिहासाला धरून होईल का?
(सात रस्ता)

उत्तर : पुण्यापर्यंत होईल. पुणे–मुंबई मार्गावर वीज १९३० पर्यंत आलेली होती आणि डब्ल्यूपी भारतात आलं १९४७ मध्ये. पुण्यात इंजिन बदला. त्याहून जुना काळ उभा करायचा असेल तर एक गंमत लक्षात ठेवा: सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये पोहोचली, पण भोर घाटातला रस्ता खुला झाला १८६३ मध्ये. मधली तीन वर्षं सोलापूरची गाडी खंडाळ्याच्या पलीकडे उतरतच नव्हती.

प्रश्न : बार्शी लाइटसारखी छोटी गाडी चालवताना काय वेगळं करावं?
(बार्शी)

उत्तर : १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीकडे सुरू झालेली ही लाइन ७६२ मिलिमीटर रुंदीची. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने ती प्रत्येक आसावर पाच टनांच्या मर्यादेत आखली. त्यासाठी वजन जास्त चाकांवर पसरवलेली ०-८-४ मांडणीची टँक इंजिनं आणली. ब्रॉडगेजखाली आता ती पुसली गेली, पण तसल्या नॅरोगेज गाड्या सिम्युलेटरमध्ये मिळतात.

लहान चाक त्याच वेगाला जास्त फिरतं, म्हणून कटऑफ आवळायला पन्नासची वाट बघू नका. पंधरालाच ४५, पंचविसाला ३० वर या. बॉयलर लहान असल्याने दाब पटकन पडतो आणि पटकन चढतो. कोळसाही दर खेपेला तीन-चार फावडी, पण वारंवार. रिव्हर्सर स्क्रूचा नसून खाचांचा असेल तर खाच बदलताना रेग्युलेटर क्षणभर कमी करा.

फसवणारी गोष्ट एकच. टँक इंजिन पाणी स्वतःच्या अंगावर वाहतं. जसजसं पाणी संपतं तसं चाकांवरचं वजन कमी होतं आणि पकडही. भरल्या टाकीने जो चढ २५ टक्के रेग्युलेटरवर न घसरता पार केलात, तोच परतीला अर्ध्या टाकीने घसरवेल. तिथे २० वरच थांबा आणि वाळू चढाच्या आधीच सुरू करा.